सासरे डिमेन्शिया केंद्रात, सगळं त्यांच्याच नावावर. आता व्यवहार कसे करायचे? (कोल्हापूर)

पेठेतली_सून

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. वय ७९. अल्झायमरचं (डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) निदान होऊन काही वर्षं झाली. सासूबाई नाहीत. घरी झेपेनासं झालं होतं. पहाटे कडी काढून शाळेत निघायचे. एकदा रंकाळ्यावर सापडले, एका भेळवाल्यानं ओळखलं आणि फोन केला म्हणून बरं. दिवाळीनंतर शहराबाहेरच्या एका केंद्रात ठेवलंय. तिथं ते आमच्यापेक्षा तिथल्या मावशींचं जास्त ऐकतात. महिन्याला २६,००० रुपये, डायपर आणि औषधं वेगळी.

पैसे नाहीत असं नाही. आहेत, पण सगळे आण्णांच्या एकट्याच्या नावावर. पेन्शन एका बँकेत. ठेवी थोड्या त्याच बँकेत, थोड्या पतसंस्थेत. मंगळवार पेठेतलं घर, खालचं दुकान भाड्यानं दिलेलं. करवीर तालुक्यात सव्वादोन एकर, त्यात ऊस, आणि साखर कारखान्याचं सभासदत्व. लॉकर आण्णा आणि सासूबाई दोघांच्या नावावर होतं, त्यात सासूबाईंच्या पाटल्या.

केंद्रात ठेवायच्या आधी त्यांना एकदा बँकेत नेलं होतं. विथड्रॉवल स्लिप पुढ्यात ठेवली. आण्णांनी पेन घेतलं, स्लिप वरपासून खालपर्यंत नीट वाचली, कडेला बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, 'तपासले'. अक्षर अजून मोत्यासारखं. काउंटरवरचा मुलगा आधी हसला, मग गप्प झाला. साहेबांनी आम्हाला आत बोलावून सांगितलं, यांच्या सहीनं आता पैसे देता येणार नाहीत.

तेव्हापासून केंद्राची फी आम्ही भरतोय. नवरा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत शिफ्टला असतो, त्यामुळे फिरणं सगळं माझ्याकडे. थोरले दीर पुण्यात, नणंद इचलकरंजीत. दिरांचं म्हणणं असं की ओळखीचा एक एजंट आहे, तो दुय्यम निबंधकांना (दस्त नोंदवणारे सब-रजिस्ट्रार) घरी आणवतो, आण्णांचा 'चांगला दिवस' बघून अंगठा घेऊ आणि घर-जमीन बक्षीसपत्रानं दोघा भावांच्या नावावर करून टाकू. रक्ताच्या नात्यात स्टॅम्प २०० रुपये, हे त्यांचं पालुपद. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे कायद्याच्या भाषेत सांगता येत नाही. आणि मी पडले सून.

कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करता येईल का? दुसरा काही रस्ता आहे का? कोणी यातून गेलंय का?

रंकाळा_तालीम

वाचतोय. आमच्याकडेही हेच होणार आहे बहुतेक. खूण म्हणून प्रतिसाद.

वकील_करवीर

ताई, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. एकेक घेऊ.

बक्षीसपत्र: देणाऱ्याला आपण काय देतोय, कोणाला देतोय आणि दिल्यावर आपल्याकडे काय उरतं, एवढं कळलं पाहिजे. ते कळत नसेल तर कागद रंगवून उपयोग नाही, तो मुळातच टिकत नाही. दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात हे खरं. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये असंही आहे की समोरचा माणूस मानसिकदृष्ट्या सक्षम दिसत नसेल तर अधिकाऱ्यानं नोंदणी नाकारलीच पाहिजे. एजंट 'चांगला दिवस बघू' म्हणतो म्हणजे त्यालाही हे ठाऊक आहे. शिवाय आण्णांची फाईल आहे, निदानाची तारीख आहे, केंद्रात दाखल केल्याचा कागद आहे. उद्या नणंदबाईंनी एक दावा लावला की हे सगळं कोर्टासमोर येणार.

कुलमुखत्यारपत्र: आता करता येणार नाही, कारण तेही आण्णांनीच समजून द्यायचं असतं. आणि बऱ्याच लोकांना माहीत नसतं ते पुढंच आहे. आधी केलेलं असतं तरी आज उपयोगाचं नव्हतं. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१: मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. काही देशांत क्षमता गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस ते करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होतं.

रस्ता आहे. रात्री सविस्तर लिहिते, आत्ता बोर्डावर मॅटर आहे.

स्पष्टवक्ता

वकीलताईंचा आदर ठेवून बोलतो. एटीएम कार्ड आहे ना? पिन माहीत आहे ना? आण्णांचा मोबाईल घरातच आहे ना, ओटीपी येतोय ना? मग अडलंय कुठं? अर्धं कोल्हापूर म्हाताऱ्या आईबापांचे पैसे असेच काढतंय. कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावून घरच्यांना कशाला घाबरवताय?

पाचगावकर

+१. प्रॅक्टिकल राहा.

जुना_कॅशियर

स्पष्टवक्ता, तुमचं म्हणणं रोज घडतं हे मान्य. मी आयुष्यभर काउंटरच्या आत बसलोय, मला सांगू नका. पण तीन गोष्टी तुमच्या हिशोबात नाहीत.

पहिली, बँकेला एकदा कळलं की खातेदाराला समज राहिलेली नाही, की नंतरचा प्रत्येक व्यवहार बँकेच्या गळ्याशी येतो. इथं तर साहेबांनी स्वतः बघितलंय. त्यांना दोष देऊ नका, तो माणूस आण्णांचेच पैसे राखतोय. दुसरी, एटीएमनं पेन्शन निघेल, ठेव नाही मोडत. तिसरी, भावंडांचं सख्य असेतोवर पिन चालतो. ज्या दिवशी एकानं विचारलं, 'मार्चमध्ये चाळीस हजार काढले ते कशाला?', त्या दिवशी ज्याच्या हातात कार्ड तो चोर. बहुतेक वेळा ज्यानं सगळं केलं तोच.

आता ताईंसाठी. रिझर्व्ह बँकेचा आजारी खातेदारांसाठी नियम आहे. सही करता येत नसेल तर अंगठा, अंगठाही नसेल तर पायाचा अंगठा, दोन साक्षीदार, त्यात एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ७० वर्षांवरच्यांना घरपोच सेवेचीही तरतूद आहे. हे ऐकून लोक बँकेत येतात आणि भांडतात. पण तो नियम हात चालत नसलेल्या माणसासाठी आहे, डोकं चालत असलेल्या. लकवा झालेल्या आजोबांना तो लागू, आण्णांना नाही. आत्ता जॉइंट नाव घालायचं म्हटलं तरी त्यांची संमती हवी, म्हणजे तीच अडचण. नॉमिनीचंही लोक चुकीचं धरून बसतात. नॉमिनी खातेदार गेल्यानंतर कामाला येतो, आधी नाही. आणि गेल्यानंतरही तो मालक नसतो, वारसांसाठी पैसे स्वीकारणारा असतो.

पेन्शनचं मात्र अडणार नाही. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला म्हणजे माणूस जिवंत आहे याचा दाखला, त्याला समज आहे याचा नव्हे. जीवन प्रमाण आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं. केंद्रात जाऊन करा, सकाळी न्याहारीनंतर, ते शांत असताना.

आणि ठेवी! मुदत संपून तशाच पडल्या असतील तर आपोआप नूतनीकरणाची सूचना होती का ते बघा. नसेल तर २०२१ पासूनचा नियम असा की मुदतीनंतर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यातला जो कमी तो मिळतो. खात्यावर दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय, दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत. पेन्शन जमा होतेय तोवर त्या खात्याची चिंता नको, पण अशा घरात एखादं विसरलेलं पासबुक हमखास निघतं. कपाटाच्या कागदाखाली बघा.

पतसंस्थेतल्या ठेवीकडे सगळ्यात आधी बघा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको.

पेठेतली_सून

काका, कपाटाच्या कागदाखाली खरंच एक पोस्टाचं पासबुक निघालं. सासूबाईंच्या नावाचं. वेगळा धागा काढावा लागेल.

कागलची_लेक

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. मी नणंद आहे. म्हणजे तुमची नाही, पण कुणाची तरी.

आमच्या दादांना स्वतःच्या गावाचं नाव सांगता येत नव्हतं, तेव्हा भावांनी त्यांच्याकडून कागद करून घेतला. मला कळलं कधी? भावजय 'संमती म्हणून एक सही पाहिजे' म्हणत पुरणपोळ्या घेऊन आली तेव्हा. दादा आता नाहीत, दावा चालू आहे. भावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं आली, आठ किलोमीटरवरून.

मला जमीन पाहिजे होती असं कुणी म्हणू नका. मागितली असती तर सोडून दिली असती कदाचित. विचारलं नाही, हे लागलं. तेव्हा ताई, जे काय करायचं ते नणंदेला सांगून करा, आणि दिरांच्या आधी सांगा.

वकील_करवीर

कागलच्या ताई, तुमचं मॅटर चालू आहे म्हणून त्यावर बोलत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच: वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानं आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ ची दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असोत नसोत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात पक्कं केलंय. 'बहिणीचं लग्न करून दिलं' हा काही कायदेशीर मुद्दा नव्हे.

आता रस्ता.

आधी एक गैरसमज. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयातून व्यवस्थापक नेमून घेता यायचा. तो कायदा गेला आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. त्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे, पण तो उपचारांपुरता. म्हणजे केंद्राच्या किंवा दवाखान्याच्या कागदावर तुमचे यजमान सही करू शकतात, बँकेच्या नाही. अनेक जण ते पत्र घेऊन बँकेत जातात आणि हात हलवत परत येतात. पालकत्वाचा जो १८९० चा कायदा आहे तो अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलांसाठी. नॅशनल ट्रस्टच्या कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असे ठरावीक आजार आहेत, डिमेन्शिया नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १४ खाली मर्यादित पालक नेमता येतो, पण त्याचा रोख त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घेण्यावर आहे. तुमच्या सासऱ्यांच्या टप्प्याला तो अपुरा पडतो असं माझं मत. दुसऱ्या वकिलाचं वेगळं असू शकेल.

उरतं उच्च न्यायालय. घटनेच्या कलम २२६ खाली, ज्याला कोणी नाही त्याचं पालकत्व न्यायालयाकडे, या तत्त्वावर. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णासाठी पालक नेमताना तपशीलवार निकष घालून दिले. मुंबई उच्च न्यायालयानंही कोमा आणि डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी पती, पत्नी, मुलं यांना पालक नेमलेलं आहे.

हायकोर्ट म्हटल्यावर पोटात गोळा येतो हे कळतं. पूर्वी पक्षकाराला रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायला लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याकडे कोल्हापुरातच चालू झालंय, सीपीआर रुग्णालयासमोर, जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडं. त्यासाठी वकिलांनी चार दशकं आंदोलनं केली, तेव्हा थोडा वापर करा की!

अर्ज यजमानांनी करावा. तुम्ही करू शकत नाही असं नव्हे, पण मुलगा अर्जदार असला की प्रश्न कमी येतात. दीर आणि नणंद यांची संमतीची प्रतिज्ञापत्रं सोबत जोडली तर अर्धी लढाई तिथंच संपते. न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांचे कागद लागतील. न्यायालय बहुधा सरकारी डॉक्टरांकडून स्वतंत्र तपासणी करून घेतं. मिळकतींची यादी पूर्ण द्या, लॉकरसकट. लपवलेली एक ठेव पुढं सगळ्या अर्जावर पाणी फिरवते.

काय मागायचं ते मोजून मागा. पेन्शन खातं चालवणं, केंद्राच्या खर्चापुरती ठेव मोडणं, दुकानाचं भाडं स्वीकारून पावती देणं, ऊसबिल, प्राप्तिकर, तुम्ही आजवर घातलेल्या पैशांची परतफेड. घर किंवा जमीन विकायची परवानगी आत्ता मागू नका. गरज पडली तर त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. पहिल्याच अर्जात विक्री दिसली की न्यायाधीशांच्या भुवया वर जातात, आणि रास्तच आहे. पालक नेमला की ठरावीक काळानं हिशोब द्यावा लागतो. पालक म्हणजे मालक नाही.

स्पष्टवक्ता

बरं बाई, कार्डाचं मागे घेतो. पण तोवर काय? अर्जाचा निकाल लागेपर्यंत २६ हजार कोण भरणार?

वकील_करवीर

हा प्रश्न योग्य. तातडीचा खर्च म्हणून अंतरिम आदेश मागता येतो. तोवर भावंडांनी वर्गणी काढून भरायचं आणि प्रत्येक पावती ठेवायची. दुकानाचं भाडं मात्र स्वतःच्या खात्यात वळवून घेऊ नका. मोह होतो, भाडेकरूही 'वहिनी, तुमच्याच नावावर पाठवतो' म्हणतो. ते आण्णांच्या खात्यातच जाऊ दे, न निघालं तरी.

उसाचा_पाचट

वकीलबाईंनी कोर्टाचं सांगितलं, मी रानाचं सांगतो. आमच्या म्हाताऱ्याचं असंच झालं हुतं.

उसाची नोंद कुणाच्या नावावर हाय ते आदी बगा. म्हाताऱ्याच्या नावावर नोंद म्हंजी बिल म्हाताऱ्याच्या खात्यावर. त्यातनं सोसायटीचं पीककर्ज वजा हुतंय. कर्ज वेळंत फिटलं तर व्याजाची सवलत, तीन लाखापातूर शून्य टक्के. पण दरसालचं नवंजुनं (जुनं भरून नवं उचलाय) करायला कर्जदाराची सही लागती, आणि तितंच गाडं अडतं. सचिव वळकीचा असतुया, म्हणतुया 'मारा की वहिनी सही, कोण बगतंय'. आजाबात मारू नका. पुढं कर्जमाफी आली न्हाईतर चौकशी लागली की तोच सचिव म्हणणार, मला काय म्हाईत. त्या परास कर्ज भरून मोकळं व्हा आणि नवीन उचलू नका. हुकूम आल्यावर बगा.

कसायला कुणाला दिलंय? वाट्यानं दिलं असंल तर एका कागदावर लिवून ठेवा. न्हाईतर धा वर्सांनी त्यो म्हणणार रान माजंच. आणि सभासदाची साखर कोण आणतंय? आमच्यात त्या साखंरवरनं भांडान झालं, जमिनीवरनं न्हाई.

पेठेतली_सून

भाऊ, साखर दीर घेऊन जातात दरवर्षी! तुम्ही आमच्याच गावचे काय?

७/१२ चं विचारायचं राहिलं. गावातले म्हणतात ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (आम्ही अजून तलाठीच म्हणतो) अर्ज दिला की मुलांची नावं लागतात.

वकील_करवीर

वारसनोंद माणूस गेल्यावर होते, जिवंतपणी नाही. तहसीलदारांकडचं जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ चं वाटप सगळ्या खातेदारांच्या संमतीनं होतं, आणि आण्णा संमती देऊ शकत नाहीत. जमीन वडिलार्जित असेल आणि कुणाला वाटप हवंच असेल तर दिवाणी दावा, त्यात न्यायालय आण्णांच्या वतीनं पालक नेमेल. पण केंद्राची फी भरायला वाटप कशाला?

घराच्या मिळकत पत्रिकेला (प्रॉपर्टी कार्ड) हात लावू नका. घरफाळा आणि पाणीपट्टी वेळेवर भरा, आण्णांच्या नावाची पावती घ्या. ते कुणीही भरू शकतं.

शाहूपुरी_गल्ली

धागा वाचून छातीत धस्स झालं. आईचं निदान गेल्याच महिन्यात झालंय. सुरुवातीची अवस्था आहे. तारीख चुकते, गॅस विसरते, पण भाजीवाल्याला हिशोबात फसवू देत नाही. लक्ष्मीपुरीत जाऊन नारळ वाजवून घेते. आमच्याकडे वेळ आहे का?

वकील_करवीर

आहे, आणि हा धागा खरा तुमच्यासाठी आहे.

निदान झालं म्हणजे सही गेली असं नाही. करार कायद्याचं कलम १२ तो व्यवहार करतानाची समज बघतं. मृत्युपत्रालाही तेच तत्त्व. जी बाई नारळ वाजवून घेते तिला आपलं घर कुणाला द्यायचं हे नक्की कळतं. तिलाच विचारा. मुलांनी आपसात ठरवून तिच्यापुढं कागद ठेवायचा, असं करू नका.

बचत खातं आणि ठेवी 'दोघांपैकी कोणीही' पद्धतीनं जॉइंट करा. पुढं बँकेला समज गेल्याचं कळवलंत तर तिथंही प्रश्न येऊ शकतो, पण एकट्याच्या नावापेक्षा ते कितीतरी बरं. नॉमिनी तपासा, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. मृत्युपत्र करा. नोंदणी सक्तीची नाही, पण या आजारात मी ती करायलाच सांगते. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला, मृत्युपत्रात ज्यांना काही मिळत नाही असे दोन साक्षीदार, आणि आई स्वतःच्या शब्दांत बोलतेय असं थोडं चित्रीकरण. उपचारांबद्दल तिला काय हवं-नको ते २०१७ च्या कायद्याप्रमाणे आगाऊ निर्देश म्हणून लिहून ठेवता येतं.

मिळकत मोठी असेल किंवा भावंडांत आजच धुसफूस असेल तर खासगी न्यासाचा (प्रायव्हेट ट्रस्ट) विचार करा. १८८२ च्या न्यास कायद्याखाली आई आपली मिळकत विश्वस्तांकडे सोपवते, 'माझ्या हयातीत माझ्यासाठीच वापरा' अशा अटींवर. तिची समज गेली तरी विश्वस्तांचे अधिकार संपत नाहीत. मुखत्यारपत्र जिथं तुटतं तिथं हे टिकतं. खर्च आहे, मुद्रांक शुल्काचं आधी विचारून घ्या.

जुना_कॅशियर

आणि आईला विचारून एका वहीत लिहा: कुठली बँक, कुठली भिशी, कुणाला हातउसने दिलेत. हातउसन्यांचा कागद कुठंच नसतो.

ताराबाईपार्क_सीए

उशिरा आलो. आण्णांचं विवरणपत्र पालकाला प्रतिनिधी म्हणून भरता येतं, प्राप्तिकराच्या पोर्टलवर तशी नोंदणी करावी लागते. जुन्या करप्रणालीत डिमेन्शियाच्या उपचारखर्चाला प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०डीडीबी खाली ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत वजावट होती. तज्ज्ञांचं प्रिस्क्रिप्शन लागतं, आजाराची तीव्रता ४० टक्के किंवा जास्त असावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा असल्यानं कलमांचे आकडे बदलतात, तेवढं आपल्या सीएकडून बघून घ्या. पेन्शनवर टीडीएस कापला जात असेल तर परतावा राहून गेलेला असू शकतो, जुनी वर्षं काढा.

पेठेतली_सून

सगळ्यांचे आभार. इथपर्यंतची गोष्ट सांगते.

कागलच्या ताईंचं ऐकून आधी नणंदेला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, 'वहिनी, मला वाटलं होतं तुम्ही आधीच सगळं करून बसलाय.' संमतीला तयार आहे. पावत्या आता तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला टाकते. पहिल्याच महिन्यात डायपरचा खर्च बघून तिनं आपणहून पैसे पाठवले.

दीर चिडले. हायकोर्ट वगैरे म्हणजे घरातली धुणी रस्त्यावर, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. रविवारी ते आल्यावर यजमान त्यांना केंद्रात घेऊन गेले. ते बऱ्याच दिवसांनी आले होते. आण्णांनी त्यांना नखशिखांत बघितलं आणि म्हणाले, 'नाव काय? उशीर का झाला? उद्या येताना पालकांना घेऊन ये.' परतताना गाडीत दीर बक्षीसपत्राबद्दल काही बोलले नाहीत. उजळाईवाडीच्या पुढं चहाला थांबले तेव्हा एवढंच म्हणाले, कागदपत्रांची यादी पाठव.

लॉकर सध्या तसंच ठेवलंय. पतसंस्थेत ठेवीची मुदत जूनमध्ये संपते, तिथं आजाराचं लेखी कळवून पोच घेतली.

वकीलताई, दोन शंका. दिरांना प्रतिज्ञापत्रासाठी कोल्हापूरला यायला लागेल का? त्यांना रजा नाही. आणि अर्जाला वारसदाखला जोडावा लागतो का? एकानं सांगितलंय की त्याशिवाय घेत नाहीत.

वकील_करवीर

वारसदाखला नको, तो माणूस गेल्यानंतरचा कागद. रेशनकार्ड, आधार, आण्णांच्या पेन्शनच्या कागदांतली कुटुंबाची माहिती आणि सासूबाईंचा मृत्यूदाखला काढून ठेवा, नातं त्यातून दिसतं. दिरांनी प्रतिज्ञापत्र पुण्यात नोटरीसमोर केलं तरी चालतं. मसुदा मात्र इथून पाठवा, तिकडं छापील नमुन्यावर सही करू देऊ नका.

उसाचा_पाचट

आणि साखंर औंदा तुमी आणा.